तांदळातला दवणा

४ एप्रिल, क्लेमेंटी
लॅबचा डिह्युमिडिफायर बंद. म्युझियमची उसनी आणलेली वाळलेली फांदी बुरशी धरेल ही धास्ती. शेवटी डब्यात ओल शोषायला तांदूळ घालून त्यात ठेवून घरी आणली. आपल्या दवण्याचाच भाऊबंद, पण आर्क्टिकचा. नेहमीच्या जातीची फुलं काळपट लाल, दुर्मीळ प्रकाराची पिवळी. तो आजवर दोनच बेटांवर सापडलाय. ही फांदी तिसऱ्या बेटावरची. फुलं पिवळी निघाली तर नकाशावर नवा ठिपका, माझा इथला कामाचा पासही वाढेल. नाहीतर जूनमध्ये गाशा गुंडाळायचा.
भिंगाखाली उद्या बघते. घाई नको.

५ एप्रिल
अरे देवा!
अंघोळ करून आले तर फांदी अन्नपूर्णेपुढे. वर हळद-कुंकू. नेमके तेच दोन रंग!
आई पुण्याहून महिनाभर आलीय. म्हणे, "तांदळात जपून ठेवलेलास, वासही तसाच. वाटलं, चैत्राचा दवणा देवासाठी आणलास."
ओरडले. फार ओरडले. ती जेवली नाही.

६ एप्रिल
लॅबच्या सरांना सांगितलं. "आधीचा फोटो?" नाही. "फोटो फर्स्ट, लाह!" 'लाह' हे इथल्या बोलण्याचं नेहमीचं शेपूट, पण आज कोरडं. त्यापेक्षा रागावले असते तर बरं.
ब्रशने झटकलं. कुंकू गेलं, हळद रुतून बसलीय. सगळी फुलं पिवळी. हसू की रडू?

७ एप्रिल
आज एक मिटलेली कळी सापडली, तांदळाच्या कणीएवढी. आत हळद शिरली नसेल. नसेल ना?
आई भांडी घासताना: "माझ्यामुळे परत यावं लागेल का गं तुला?"
"काहीतरीच काय!" म्हटलं. आवाज माझा मलाच खोटा वाटला.

८ एप्रिल
म्युझियमला मेल केला. सगळं खरं लिहिलं, हळदीसकट. नमुना परत मागवतील बहुतेक.
मग कळी सुईने उघडली. फोटो आधी! आत पिवळं. सरांनी भिंगातून पाहिलं. "पिवळं आहे. पण फुलाचं की तुझ्या आईचं?"
साबणाचा थेंब टाकला की कळेल, हळद असेल तर लाल होईल. पण कळी एकच. म्युझियमची परवानगी आल्याशिवाय हात लावायचा नाही, म्हणाले.

संध्याकाळी घरी आले. देवांपुढे नुसतं एक फूल. हळदीची कुयरी आईने कपाटात ठेवून दिलेली.
मी काढून परत देवांपाशी ठेवली. "वाहा गं."
"राहू दे. आधी तुझ्या मेलचं उत्तर येऊ दे."