साध्या पाण्याने धुतलेल्या एकोणीस नळ्यांबाबत

प्रति,
मा. अधिष्ठाता,
वैद्यकीय महाविद्यालय.

विषय : नव्या प्रयोगशाळेला निवृत्त विभागप्रमुखांचे नाव देताना त्याखाली एक ओळ कोरण्याबाबत.
संदर्भ : विभागप्रमुखांचे नऊ वर्षांपूर्वीचे पत्र, ज्याला मी तेव्हा उत्तर दिले नाही.

महोदय,

१. सदर पत्रात लिहिले होते, "पेशी तुमच्या हलगर्जीपणामुळे फुटल्या. आठ दिवसांत उत्तर न आल्यास चूक मान्य आहे असे समजू." मी सतरा मसुदे केले, एकही पाठवला नाही. नळ्या धुण्याच्या आदल्या संध्याकाळी पाण्याची बाटली मीच चुकीची ठेवली असेल, असे वाटत राहिले. स्वतःवर शंका घेण्याची माझी जुनी खोड आहे.

२. अत्यवस्थ रुग्णांच्या पांढऱ्या पेशींवर पाणी आत-बाहेर सोडणारी प्रथिने किती असतात, हे आम्ही मोजत होतो. या पेशी मिठाच्या पाण्यानेच धुवायच्या असतात. साध्या पाण्यात त्या टम्म फुगून फुटतात. एकोणीस नळ्या तशा वाया गेल्या. सातवी माझ्या पत्नीची होती. सुई टोचताना ती म्हणाली होती, "घ्या हो रक्त, तुमच्या पुस्तकांपेक्षा तरी कामाला येईल." चौथ्या दिवशी ती गेली.

३. नळ्या धुतल्या त्या दिवशी मी रजेवर, तिच्या उशाशी होतो. मंजूर झालेला रजेचा अर्ज शिपायाने संध्याकाळी तिथेच आणून दिला. तिला वाचून दाखवत होतो त्या पुस्तकात तो मी, मागची बाजू न पाहताच, खुणेसाठी घातला. पुढे ते पुस्तक उघडवले नाही. गेल्या रविवारी उघडले. अर्जाच्या मागे विभागप्रमुखांचे अक्षर : "मिठाचं पाणी संपलं होतं. मीच नळ्या धुतल्या, साध्या पाण्यानं. काही बिघडत नाही. आल्यावर बघून घ्या."

हा कागद माझ्याकडे आहे, हे त्यांना ठाऊक होते. मी तोंड उघडणार नाही, हेही ठाऊक होते.

४. त्या संशोधनाच्या अहवालातील 'तंत्रज्ञाचा हलगर्जीपणा' हे शब्द खोडावेत. प्रयोगशाळेला नाव मात्र त्यांचेच द्यावे, मोठ्या अक्षरांत. त्याखाली कोरावे : "येथे पेशी साध्या पाण्याने धुऊ नयेत." उद्घाटनाला ही ओळ त्यांनीच मोठ्याने वाचावी. मी मागच्या रांगेत बसेन. मागणी उद्धट वाटल्यास क्षमा असावी. ती मागे घेणार नाही.

५. अठरावा मसुदा एका ओळीचा झाला : "आपले पत्र मिळाले. चूक मान्य आहे, आपली."

आपला नम्र, उशिरा का होईना उत्तर देणारा,
(सही)
निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ
दिनांक : ११ मार्च

सोबत :
१. रजेचा अर्ज, दोन्ही बाजूंची प्रत. (मूळ कागद पुस्तकातच आहे.)
२. विभागप्रमुखांचे पत्र.
३. त्यांना धाडलेल्या उत्तराची टपाल पावती, आज सकाळची.