तीन सापांचा खांब

मम्मी, परवा मी इस्तंबूलला तो खांब पाहिला. या वेळी खरोखर पाहिला.

पापा गेल्यावर तुला वसईहून मस्कतला, अल् घुब्राच्या आमच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये आणलं, त्याला आता बरीच वर्षं झाली. मी हॉटेलात ड्यूटीवर, आणि दुपारभर घरात तू नि माझा मुलगा. किचनमध्ये मटार सोलत तू त्याला इतिहास सांगायचीस, शाळेत शिकवायचीस तसाच. इराणी फौजेला हरवल्यावर ग्रीकांनी विजयाची खूण म्हणून डेल्फीच्या देवळात कांस्याचा खांब उभारला, तीन सापांचा पीळ घातलेला, अंगावर लढलेल्या नगरांची नावं. पुढं कित्येक शतकांनी एका रोमन सम्राटानं तो उचलून आपल्या नव्या राजधानीत नेला, म्हणजे आजच्या इस्तंबूलात. मुलगा त्याच्या अडखळत्या मराठीत म्हणाला, "म्हणजे स्टील केला ना, ग्रॅनी?" तू म्हणालीस, "चोरलाच म्हण. पण नेला म्हणून अजून उभा तरी आहे." त्या दिवशी मला सुट्टी होती, मी भाताचं पाणी काढत ऐकत होते. तुला इथं आणल्याबद्दलच तू मला माफ करतेयस, असं मी सोयीनं समजून घेतलं.

मग हॉटेलनं मला ट्रेनिंगला इस्तंबूललाच पाठवलं. तू एकदाच म्हणालीस, "मलाही बघायचाय गं तो." मी सांगितलं, ऑफिसचं काम आहे, घरच्यांना नेता येत नाही. परत आले तेव्हा तू चहा टाकलास आणि विचारलंस, "सापांची डोकी कशी आहेत, बाय?"

"सुंदर आहेत. तिन्ही."

तू माझ्याकडे पाहिलंस, कप पुढं सरकवलास आणि मुलाला सांगितलंस, "मम्मानं खांब बघितला हं." त्यानंतर तू त्याला ती गोष्ट कधी सांगितली नाहीस.

परवा कठड्याला टेकून मी खाली खड्ड्यात पाहत होते. खांब वर नुसताच तुटलेला. डोकी कधीच गेलीत, शेजारचा गाइड कुणाला तरी सांगत होता. तू जन्मभर हे शिकवलंस, तुला ठाऊक नसेल कसं? तरी मला खोटं पाडलं नाहीस.

हे पत्र कुठं टाकू? तुझी कबर इथंच मस्कतला आहे, टॅक्सीनं वीस मिनिटांवर, आणि तिथंही मी क्वचितच येते. पण एक राहिलं. त्या वेळी घरच्यांना आणायला हॉटेलची ना नव्हती. माझ्या खोलीत दुसरा पलंगही होता. त्यावर मी खरेदीच्या पिशव्या ठेवल्या होत्या.