गरम पाण्याचा शेक

आई, परवा मी पैसे देऊन घाम गाळला. तू असतीस तर कपाळाला हात लावला असतास. नागपुरात जन्म काढायचा, मे महिन्यात फुकटात भाजून निघायचं, आणि थंडी पडली की वाडीच्या गोदामांमागे उघडलेल्या एका चकचकीत जागी टॉवेल गुंडाळून तापलेल्या लाकडी खोलीत बसायचं. सौना म्हणतात त्याला. आमचा बायकांचा एक गट आहे, रविवारी चालायला जातो. पारशिवनीकडच्या टेकड्या चढतो, उतरतो, वाटेत चिवडा खातो आणि आपण फार मोठं काही केलं अशा थाटात घरी येतो. परवा उतरताना माझे गुडघे बोलायला लागले. गटातली सगळ्यात धाकटी म्हणाली, "चला न ताई, घंटाभर बसू तिथं. पाय कसे मोकळे होऊन जाते पाहा." मी नाही म्हणाले, पण गाडी तिची होती.

तुला सांगते, तू गेल्यापासून मी गार पाण्यानेच आंघोळ करते. डिसेंबरातसुद्धा. नवरा हट्टी म्हणतो, शेजारणी तब्येतीचं कौतुक करतात, आणि मी कोणाला कारण सांगायला जात नाही. पण परवा दार लागलं, अंगाला ती ऊब भिडली, पोटऱ्या हळूहळू सैल झाल्या, आणि मला इतकं बरं वाटलं की मी रडायलाच लागले. बाकीच्या जणी आपापल्या सुनांच्या गप्पांत रंगल्या होत्या. घामात रडणं कोणाला कळत नाही, ही त्या खोलीची एक सोय आहे.

नागद्वारच्या यात्रेहून परतताना आपण त्या कुंडावर थांबलो होतो, ते तिथे बसल्या बसल्या जसंच्या तसं समोर आलं. श्रावण होता. मोहल्ल्यातल्या बायकांबरोबर तू मलाही नेलं होतंस, कॉलेजात जाणारी, नाक वर करून चालणारी मी. पचमढीचे पहाड, चिखल, धुकं, आणि प्रत्येक अनोळखी माणूस दुसऱ्याला "भगत" म्हणतोय. "चल भगत, जवळच आहे आता," असं सांगणाऱ्या एकाचंही खरं निघालं नाही. तू साडीचा काचा मारून माझ्या पुढे चालली होतीस. एका लोखंडी शिडीवर तुझा पाय घसरला, तू हाताने दांडा धरलास आणि तळहात चांगलाच फाटला. तू त्यावर हळद दाबलीस, फडकं बांधलंस आणि मलाच रागावलीस, "माह्याकडे काय पाहून राहिली? खाली पाहून चाल."

छिंदवाड्याच्या वाटेवर, जरा आडबाजूला ते गरम पाण्याचं कुंड होतं. गंधकाचा वास, वाफ, बायकांच्या बाजूला आडोसा म्हणून भिंत. पहाड उतरून आलेल्या सगळ्या बायका तिथे पाय सोडून बसल्या होत्या. तूही बसलीस. आधी घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत, मग परकर छातीवर बांधून गळ्यापर्यंत आत. आई, मी तुला कधी रिकामं बसलेलं पाहिलंच नव्हतं. तू खोल्या घेऊन शिकणाऱ्या पोरांचे डबे करायचीस. पहाटे उठायचीस ती कणीक मळतच, दुपारी बसायचीस ती भाजी निवडत, आणि झोपेतही तुझी बोटं हलायची. त्या कुंडात तुझे हात पाण्यावर नुसते तरंगत होते. डोळे मिटलेले होते. तू म्हणालीस, "मले इथंच राहू द्या वं बायांनो, डबे तुमी करा." सगळ्या हसल्या. तू तेव्हा किती तरुण दिसत होतीस! आज मी तुझ्या त्या वयापेक्षा कितीतरी मोठी आहे. आज मी तुला तसं पाहिलं असतं तर पोरगीच म्हटलं असतं.

मी तुझी पाठ चोळायला पाण्यात उतरले. चोळता चोळता हात काखेकडे गेला आणि बोटांना गाठ लागली. सुपारीएवढी, घट्ट. "आई, हे काय वं?" मी विचारलं. तू डोळेही उघडले नाहीस. "अवधान आलं असन. हाताले लागलं न शिडीवर." हातापायाला जखम झाली की काखेत नाहीतर जांघेत जी गाठ येते, तिला आपल्याकडे अवधान म्हणतात, हे मलाही माहीत होतं. लहानपणी पायात काच गेली तेव्हा मलाही आलं होतं आणि तूच शेकून बसवलं होतंस. शेजारची काकू म्हणाली, "मंग तं बरंच झालं, याच्याहून चांगला शेक कुठं भेटते?" तू आणखी खाली सरकलीस, काख पाण्यात बुडवलीस. मी ओंजळीने तुझ्या खांद्यावर पाणी टाकत राहिले. निघायची हाकाहाक सुरू झाली तरी तू उठेनास, आणि मीही तुला उठवलं नाही, कारण तू सुखात होतीस.

घरी आल्यावर तुझ्या तळहाताची खपली पडली. गाठ राहिली. आपण शेकत राहिलो. पिशवीत गरम पाणी, कधी तव्यावर तापवलेलं फडकं, कधी विटेचा तुकडा. मी अभ्यासाचं पुस्तक मांडीवर ठेवून तुझ्या काखेला शेक द्यायचे आणि तू तेवढा वेळ तरी एका जागी बसायचीस, याचा मला आनंद व्हायचा. त्याच काळात आपण सगळ्यात जास्त बोललो. तुझ्या माहेरच्या गोष्टी, तुला शिकायचं होतं ते, बाबा कसे पहिल्यांदा पाहायला आले आणि पोह्यांत मीठ नव्हतं ते. दिवाळीत फराळाचं करताना तुझा हात वर जाईना, तेव्हा दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाई तपासून म्हणाल्या, "इतके दिवस काय करून राहिले होते?" तू खालच्या आवाजात म्हणालीस, "शेकून राहिलो होतो." त्यांनी मला बाहेर बोलावून सांगितलं की ही गाठ शिडीच्याही आधीची आहे, हाताच्या जखमेशी तिचा काही संबंध नाही, शेकाने ती वाढली नाही, पण वेळ मात्र गेला. एवढं साधं वाक्य. मी ते आजवर किती वेळा उलटंपालटं केलं असेल. एकदा वाटतं, ती शिडी नसती तर आपण घाबरलो असतो आणि लवकर गेलो असतो. मग वाटतं, तसं झालं असतं तर तुझ्या आयुष्यात ती कुंडातली दुपार आली नसती. ती दुपार आणि तू, यातलं एकच मिळणार होतं असं जर कोणी विचारलं असतं, तर मी तुला घेतलं असतं, आई. ती दुपार कितीही सुंदर असो. मला तू पाहिजे होतीस. अजूनही पाहिजेस.

सौनातून बाहेर आल्यावर धाकटीने विचारलं, "कसं वाटलं ताई?" मी म्हटलं, "छान." आज रात्री जेवणं झाल्यावर हे लिहायला बसले. टाकणार कुठे हे, मलाही माहीत नाही. पोस्टमन तर आता बँकेची पाकिटंसुद्धा आणत नाही. घडी करून कपाटात साड्यांच्या खाली ठेवीन, आणि पुढच्या आवरासावरीत माझ्याच हाताला लागलं की पुन्हा रडेन.

फक्त एक सांगायचं राहिलं. तू गेलीस तो मे महिना होता. अंगणात तीन विटा मांडून बायकांनी तुझ्या शेवटच्या आंघोळीचं पाणी ठेवलं होतं आणि मला म्हणाल्या, "पोरी, हात घालून पाह्य, झालं का कोमट." मी हात घातला आणि म्हटलं, "नाही झालं." थोड्या वेळाने पुन्हा विचारलं, मी पुन्हा म्हटलं, "अजून नाही, तिले गरम लागते." त्यांनी आणखी लाकडं सारली. बाहेर माणसं खोळंबली होती, बांबू बांधून झाले होते, कोणीतरी ऊन फार झालं म्हणत होतं. आंघोळ झाली की तुला उचलणार, एवढंच मला कळत होतं. माझा हात भाजून लाल झाला होता, तो मी ओढणीत लपवला. पाणी केव्हाच तापलं होतं, आई.