आजीच्या घागरीतले खेकडे

इराक्लिओ, ९ ऑक्टोबर १९९८

प्रिय पांडेलीदादा,

माझं अक्षर बघून कपाळाला आठ्या घालू नकोस. गुडघा कसा आहे? वहिनीने पाठवलेले अंजीर पोचले. निम्मे प्रयोगशाळेतल्यांनीच फस्त केले. मी बरी आहे. जेवण तेवढं जात नाही.

सोमवारी गावच्या झऱ्याची सुनावणी, माझ्या खेकड्यांवरच्या अहवालावर. खेकडे या बेटाचेच ठरले तर झऱ्याला कुणी हात लावू शकत नाही. बाहेरून आणलेले ठरले, तर पाणी नळात घालून हॉटेलला द्यायला तू मोकळा. "मिर्सिनी, परके आहेत एवढंच लिही गं, विषय संपला," असं तू फोनवर म्हणालास. गावचा अध्यक्ष बोलत होता, भाऊ नव्हे. मी ठणकावलं, तुझं काही चालायचं नाही.

मला खात्रीच होती. गोड्या पाण्यातला हा खेकडा समुद्र ओलांडत नाही. त्याची पिल्लंही लाटांवर वाहत जात नाहीत, आईच्या पोटाखालून पुरते खेकडे होऊनच निघतात. एके काळी समोरच्या किनाऱ्यापर्यंत सलग जमीन होती. ती खचली, समुद्र आत शिरला आणि बेटाबेटांवर अडकलेल्यांची गोत्रं वेगळी होत गेली. शेजारच्या बेटांवरचे तसेच निघाले. आपलेही निघतील असं मी धरून चालले होते.

नाही निघाले, दादा. पुन्हा पुन्हा तपासलं. आपले खेकडे आणि समोरच्या तुर्की किनाऱ्यावरचे, यांच्यात तसूभर फरक नाही.

म्हणजे आजी खरं बोलत होती. बावीस साली तुर्कांनी आपल्या ग्रीक लोकांना हाकललं, तेव्हा तिकडचं गाव सोडून पळताना तिने घागरीत अंडी धरलेली कुर्ली आणली होती. "खेकडा राहतो ते पाणी जिवंत," म्हणायची. आपण हसायचो. तू तर डोक्यावर घागर घेऊन तिरकं तिरकं चालत तिची नक्कल करायचास.

अहवालात मी हेच लिहिलंय. खोटं लिहायचा मोह झाला, पण आजीला आणखी एकदा खोटं पाडणं माझ्याच्याने होईना. तू जिंकलास.

फक्त सोमवारी तुला उभं राहून बोलावं लागेल. शाळेत कुणी "तुर्काचं बी" म्हटलं की तू त्याचं नाक फोडायचास. ती नाकं गावातच आहेत, पुढच्या बाकावर बसतील. त्यांच्यासमोर सांग, की त्या किनाऱ्यावरून जे आलं, त्याचा इथल्या पाण्यावर हक्क नाही.

त्याच घागरीसोबत इथे आलेल्यांची नात, तुझी बहीण,
मिर्सिनी