कडेची हवा

नाशिक, १२ फेब्रुवारी २०२५

चि. हर्षल,

मामाचा आशीर्वाद. घोटीहून तुझ्या आईचा, चंद्रभागेचा, फोन होता. तिचा गुडघा आता बरा आहे. इकडे थंडी ओसरली. तू माझा फोन घेत नाहीस, म्हणून लिहितोय.

उद्या सिन्नरच्या माळावर आमच्या इंजिनाच्या नळीची चाचणी आहे. तू नळीच्या तोंडापाशी कॅमेरा लावून उभा राहू नकोस. पाया पडतो.

कारण सांगतो. त्या नळीत मधून आवाजापेक्षा वेगवान झोत शिरतो, कडेने संथ हवा. संगणकावर वेगवान झोताचं सगळं आपणच तोंडाशी ठरवायचं, कारण आतल्या दाबाची खबर त्याच्याविरुद्ध मागे येऊ शकत नाही. संथ हवेतून ती येते. म्हणून कडेला दाब आपण ठरवायचा नसतो, तो आतून येऊ द्यायचा. तसं केलं की आकडे भरकटून गणित दरवेळी फुटायचं. हाताखालच्या पोरांनी चूक केली, असं मी साहेबांना सांगितलं. मग कडेचा दाब मीच एका आकड्यावर बांधून टाकला. गणित शांत झालं. मी देव्हाऱ्यापुढे साखर ठेवली, कृपा झाली म्हटलं.

काल तो दाब सोडून, काळाच्या अगदी बारीक पावलांनी गणित पुन्हा चालवलं. कडेची हवा उलटली. तापलेला वायू तोंडातून बाहेर आला, कॅमेऱ्याच्या जागेपर्यंत.

साहेब म्हणाले, "रंगनाथराव, अहवालावर सही तुमचीच ना? मग आता कसली आरती करता?" चाचणी पुढे ढकलणार नाहीत.

तुला वाटेल, मामा पुन्हा दूर ठेवायला बघतोय. माझ्या पूजाला तू लग्नासाठी मागितलंस तेव्हा मी तिला न विचारता नाही म्हटलं. उंबऱ्यावरूनच तुला परत पाठवलं. त्या दिवसापासून ती माझ्या ताटात वाढते, पण बोलत नाही. माझ्यावर विश्वास ठेव असं कुठल्या तोंडाने म्हणू? गणितावर ठेव.

हे लिहिताना ती मागे उभी होती. सगळं वाचलं. म्हणाली, "आप्पा, द्या इकडे. तो माझं ऐकेल." पायात चपला घातल्या. "परत कधी येईन ते विचारू नका."

मी विचारलं नाही. हर्षल, तिचं ऐक. ती जे ठरवेल ते मला मान्य आहे. तू फक्त जिवंत राहा.

तुझा मामा,
रंगनाथ