भाऊबीजेला विहिरीवर ये

मु. आटपाडी,
दसऱ्याचा दुसरा दिवस, १९७४

हरिबा,

रामराम लिहायचा रिवाज हाय म्हणून लिहितो, मनापासनं न्हाई. हितं समदी खुशाल हैत. म्हस व्याली, रेडकू झालं. खुशालीचं संपलं.

पलूसला उसाच्या मळ्यात राबतोस असं कळलं. बरं केलंस लांब गेलास. जवळ असतास तर एवढ्यात मातीआड झाला असतास. ह्या हातांत काय हाय ते तुला ठावं हाय. कोयनेच्या भूकंपात ढिगाऱ्याखालनं निघालो तवापासनं मी उडतो, कातळ चुरतो, आणि "आमचं दाजी, आमचं दाजी" करत गावोगाव छाती फुगवून तूच फिरायचास.

त्या दिवशी मी तासगावकडं हुतो. ओढ्यात पडलेली एसटी उचलून वर ठेवली, माणसं हार घालत हुती. आणि हिकडं दुष्काळी कामावरच्या विहिरीत तू सुरुंगाची वात पेटवलीस.

वात पेटवायच्या आधी "बार हाय, वर या" म्हणून हाळी द्यायची, हे शेंबडं पोर बी जाणतं. तू एकदा बी दिली न्हाईस. समदी वर आल्यात असं तुझं तूच धरलंस आणि पळालास. तुझी सख्खी भैन, माझी तानू, ऱ्हायलेली पाटी आणाय खाली उतरली हुती. मुडद्या, तुझा गळा कुणी दाबला हुता रं? एक हाळी! एवढीच मागितली हुती तुझ्याकडं.

दहाव्याला पिंडाला कावळा शिवंना. ज्यानं त्यानं काय काय कबूल केलं. ऊन डोक्यावर आलं. शेवटी मी फुडं झालो, म्हणलं, "हरिबाला..." फुडचं "गाडतो" तोंडातनं निघायच्या आत कावळा झपकन उतरला. म्हणलं, झालं. तिला बी सूडच पायजे.

गेल्या भाऊबीजेला तुला त्याच विहिरीत गाडायचं ठरवलं. आधी तळ बघावा म्हणून उतरलो. तुझ्या सुरुंगानं कातळाला भेग पडलीया. त्यात हात घालून फाकवली तर पलीकडं उजेड. आणि उजेडात आपलंच गाव.

खोटं वाटलं तर वाटू दे. घर माझंच, दारात लिंब. वसरीवर मीच बसलो हुतो, हाडकुळा, पाण्याची घागर उचलून धापा टाकत. मला बघून म्हणतो कसा, "या पाव्हणं, टेका." माझ्याच घरात मला पाव्हणं! तेवढ्यात आतनं निरांजन घेऊन तानू आली. जिती. हरिबा, लय रडलो रं. एसटी उचलणारा मी, चौकट धरून रडलो.

तिनं अंगणात जाऊन चंद्राला ओवाळलं. ज्या बाईला भाऊ न्हाई ती ओवाळती तसं. मी इचारलं, "हरिबा कुठाय?" म्हणाली, "सुरुंगात गेला. मी पाटी आणाय उतरले, वात पेटलेली. त्यानं उडी टाकली, मला वर ढकललं. त्यो खालीच ऱ्हायला."

तिथला तू असा. हितला तू मागं वळून बी बघितलं न्हाईस. म्हंजे तुझ्यात ते हुतं रं! नसतं तर मला एवढा राग आला नसता.

मी कुठनं आलो, तिकडं ती न्हाई, एवढं सांगितलं. तर तिनं पयलं काय इचारावं? "तुमच्याकडं आमचा हरिबा जिता हाय?" मी जेवलो का, माझं कसं चाललंय, काय न्हाई. तवा उमगलं कावळा कशाला उतरला ते. तिला तू पायजे हुतास, तुझं मढं न्हवं. आणि मला तर तिथं जागाच न्हाई. माझ्या जागेवर त्यो धापा टाकत बसलाय.

हे वरीसभर तुला मुद्दाम कळवलं न्हाई. तू जळत ऱ्हावंस असं वाटत हुतं. अजून वाटतं. पर ती यंदा बी चंद्राला ओवाळणार, ते मला बघवत न्हाई.

तवा भाऊबीजेला दिवस मावळायच्या आत विहिरीवर ये. पाठीवर घेऊन उतरीन. वाटंत मान मुरगाळणार न्हाई, तानूची आण.

माफ केलं असं मातर समजू नगंस. निघताना तिनं इचारलं हुतं, "तिकडं मी कशानं मेले?" मी म्हणलं, "हरिबा येईल, त्यो सांगंल." ती तुला ओवाळंल, तोंडात लाडू घालंल, गालावरनं हात फिरवंल. मग इचारंल. तवा तिच्या डोळ्यांत बघून तू सांगायचं, समदं. मी भिताडाला टेकून ऐकत बसणार हाय.

तुझा वैरी, आणि काय केल्या सुटत न्हाई म्हणून अजून बी तुझा दाजी,
जोतीराम