बुटाची लेस

ताई,

काल फोनवर तू रडलीस. लेकीला शाळेत फिट आली, सगळ्यांसमोर कपडे ओले झाले, आता ती शाळेत जायला तयार नाही. "तुला अनुभव आहे, काय करू सांग," म्हणालीस.

अनुभव! चौदा वर्षांची होते मी. प्रार्थनेच्या रांगेतच पडले. शुद्धीवर आले तेव्हा पीटीचे सर माझ्या नाकाशी स्वतःचा बूट धरून बसले होते आणि माझा युनिफॉर्म ओला होता. पोरं हसली, त्याचं मला काही नाही. सरांनी विचारलं, "हिच्या घरचं कोणी आहे का इथे?" तू दहावीच्या रांगेत पुढेच होतीस, मॉनिटरचा बिल्ला लावून. तू लेस बांधायला खाली वाकलीस.

तीस वर्षं झाली. अजून बांधून झाली नाही का गं ती लेस?

फोनवर मी एवढंच म्हटलं, की शाळेत सांगून ठेव: कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, बूट हुंगवू नका. चौथी गोष्ट गिळली. तिने डोळे उघडले की कोणीतरी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायला हवं, "ही आमची आहे."

हे पत्र पाठवत नाही, तू पुन्हा रडत बसशील. सोमवारी तिला शाळेत सोडायला मी येते. फाटकातून आत, थेट रांगेपर्यंत.

तुझी सख्खी,
धाकटी